सातवी सायकल

तांब्या घ्यायला हात पुढे केला आणि हरिहर मास्तरला तिची बोटं दिसली.

काळी पडलेली. सालटं निघालेली. दोन नखं तर अर्धी झडलेली. हरिहरचा हात होता तिथेच थबकला, पण बाईने तांब्या त्याच्या हातात ठेवलाच.

"घ्या मास्तर, गार हाय," ती म्हणाली. "सहा सायकली गेल्या, कुनाला हटकलं न्हाय. तुमचीच वाट बघत व्हते."

बघणारच! सकाळी लांज्याच्या बाजारात मास्तरने भाषणच तसं ठोकलं होतं. सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात रत्नागिरीहून गोव्यापर्यंत निघालेल्या सात सायकली, पाठीवर 'महारोग बरा होतो' अशी फडकी, कुष्ठधामासाठी मदतीचा डबा, आणि गावोगाव बोलायला हरिहर. शाळेत पोरं त्याच्या तासाला पेंगायची, ती गोष्ट वेगळी. बाजारात गडी पेटला होता. "अहो, रोग्याच्या हातचं पाणी पिऊन काही होत नाही! मी स्वतः प्यायलोय!" टाळ्या पडल्या. आता हे 'स्वतः प्यायलोय' कुठून आलं, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि टाळ्या पडल्यावर खरंच वाटायला लागलं.

मग ओणीच्या अलीकडे पंक्चर झालं. "तुम्ही या सावकाश," सोबतचे म्हातारे राजाभाऊ हसत म्हणाले, "राजापूरच्या सभेपुरते पोचा म्हणजे झालं. तुमच्याशिवाय बोलणार कोण?" आणि मंडळी पुढे गेली. पंक्चर काढता काढता तास मोडला. बाटलीतलं पाणी संपून घशाला नुसती कोरड पडली होती, तेवढ्यात वळणावरच्या घरासमोर ही बाई तांब्या घेऊन उभी.

वरूनच तर प्यायचं होतं. तांब्याला ओठसुद्धा लागले नसते. तरी त्याच्याने ते होईना. तो करवंदीच्या जाळीकडे वळला, तिच्याकडे पाठ करून मान मागे टाकली, घशाचा घटाघटा आवाजही काढला, आणि अख्खा तांब्या जाळीच्या मुळात ओतला.

"वा! जीव गार झाला, वहिनी."

बाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती खाली मातीकडे बघत होती. तांबड्या धुळीत सुपाएवढी ओल पसरली होती. मग तिने आपले हात पदराला पुसले.

"काजूचे हात हे, मास्तर. कारखान्यात बी फोडायला जाते मी. तेलानं सालटं जातात. मला काय झालेलं न्हाय."

हरिहरच्या जिवात जीव आला. लाज वाटायच्या आधी त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि पुढे जन्मभर त्याला हेच सलत राहिलं. त्या घटकेला मात्र तो चक्क हसला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! आणा आणखी एक तांब्या. बघा कसा पितो!"

बाई जागची हलली नाही.

"रोग आमच्या ह्यांना हाय," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "मुंबैहून आल्याला तीन वर्सं झाली, उंबऱ्याबाहेर पाय न्हाय. दवाखान्याचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करतात. मी लांज्याहून येस्टीनं आले नि तुमचं भाषण त्यांना सांगितलं. तर म्हनाले, मास्तर माझ्या हातचं पानी प्याले, तर आज राजापूरच्या सभेला येतो, तिथल्या डाक्तरला दाखवतो." तिने त्याच्या हातातल्या रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. "पानी त्यांनी भरलं. सोताच्या हातानं."

"आणा... पितो मी," हरिहर म्हणाला, पण सकाळी बाजार दणाणून सोडणारा तोच आवाज इतका बारीक निघाला की त्याचा त्यालाच पटला नाही.

"ऱ्हावं दे," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर दिसतंय."

तेवढ्यात घरातून कुणीतरी खोकलं. पाठोपाठ पुरुषाचा आवाज आला, घाबराघुबरा. "तुळसा, प्याले काय गो मास्तर?"

हरिहरने मान खाली घातली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. आता ही खरं सांगणार. सांगू दे. तेच रास्त होतं.

तुळसाने पायाने कोरडी माती त्या ओलीवर लोटली. नीट झाकली. मग तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला आणि घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "प्याले वो! थेंब ठेवला न्हाय!"

आत ट्रंकेची कडी वाजली.

"मग माझा मुंबैचा सदरा कुठं ठेवलास गो?"