मिशीची पैज

“मिशी लावतो!” इस्त्रीवाला गरजला. “माझी पोर तिन्ही देश पुरे करून नाही आली, तर ही मिशी तुझ्या वस्तऱ्याला. भर रस्त्यात, खुर्ची टाकून!”

समोरच्या सलूनवाल्याने टाळी दिली. “आणि आली पुरे करून, तर मी अर्धं डोकं भादरून बाजारभर फिरेन. उजवं की डावं, ते तू सांग. पण शेठ, ऐकून ठेव. ट्रेनिंग-बिनिंग काही नाही. तिथे नेऊन चादरींना इस्त्री करायला बसवतील तिला!”

अख्खी गल्ली खो खो हसली. इस्त्रीवाला तेवढा हसला नाही.

पोरगी हॉटेल मॅनेजमेंट शिकत होती. कॉलेजने इंटर्नशिप लावून दिली होती. नऊ महिने, तीन देश, तीन हॉटेलं. काम काउंटरवरचं, आल्यागेल्याचं स्वागत करायचं. इस्त्रीवाल्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते. पोरीला त्याने कधी इस्त्रीला बोट लावू दिलं नव्हतं. मिशी मात्र अशी ताठ, की लोक म्हणायचे, हा शर्टातली उरलेली खळ मिशीला लावतो.

दर रविवारी सकाळी पोरीचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन खळीच्या डब्याला टेकायचा आणि त्याच्यासमोर निम्मी गल्ली. पहिल्या देशातून पोरगी दिसली ती काळ्या कोटात. बायका म्हणाल्या, “बाई बाई, मॅनेजरच!” इस्त्रीवाल्याची नजर गेली कॉलरवर. उजवीकडे बोटभर चकाकी होती. वर ओलं फडकं न टाकता लोकरीवर गरम इस्त्री फिरवली की अशी चकाकी येते. आली की मरेपर्यंत जात नाही.

“तुमच्या हॉटेलचा इस्त्रीवाला कच्चा आहे गं,” तो म्हणाला.

पोरगी हसली. “सांगते त्याला. बाबा, मिशी सांभाळा.”

दुसऱ्या देशातूनही पोरगी कोटातच. तिथले तीन महिने संपता संपता तिने डावा हात खिशात घालून बोलायला सुरुवात केली. “काय ऐट आहे!” सलूनवाला म्हणाला. “शेठ, पोरगी साहेब झाली. माझं अर्धं डोकं गेलं म्हणायचं!” तो आरशात बघून कुठली बाजू द्यावी ते ठरवायलाही लागला. त्यावर आठवडाभर गल्लीची करमणूक झाली.

मग तिसरा देश. एका रविवारी बोलताना पोरीच्या कपाळावर केस आले. तिने ते उजव्या हाताने मागे सारले. नीट जमलं नाही. इस्त्रीवाल्याचा हात शर्टावरच थांबला. पोरगी डावखुरी होती.

त्याने फोन उचलून डोळ्यांजवळ नेला. उजव्या कॉलरवर बोटभर चकाकी. हॉटेल बदललं, देश बदलला, कोट तोच.

फोन घेऊन तो दुकानाच्या मागे गेला.

“कोट कोणाचा आहे?”

पोरीने कॉलरवर हात ठेवला. मागून फुस्स करून आवाज आला. वाफेचा. हा आवाज इस्त्रीवाल्याने झोपेतही ओळखला असता.

“सगळ्या मुलींचा मिळून एकच आहे, जाऊ तिथे बरोबर नेतो,” ती हळूच म्हणाली. “घरी फोन लावायचा असला की घालतो.”

“परत ये.”

“आता त्रेपन्नच दिवस राहिलेत, बाबा. तुमची मिशी नाही जाऊ द्यायची मला. गल्लीसमोर तर नाहीच.”

आणि फोन बंद झाला.

इस्त्रीवाल्याने इस्त्री बंद केली. पुढे कपड्यांचा ढीग तसाच होता. सलूनची खुर्ची त्याने स्वतः ओढत रस्त्याच्या मधोमध आणली आणि बसला. पोरं शिट्ट्या मारत धावली. बायका खिडक्यांत आल्या.

“काय शेठ, टोकं छाटायची?” सलूनवाल्याने डोळा मारला.

“सगळी काढ. मी हरलो.”

“अरे, मी दिवस मोजतोय, अजून त्रेपन्न आहेत! मलाच चुना लावतोस की काय?”

“तू बोललास तेच झालं. काढ.”

सलूनवाल्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. “मी... मी गंमत केली होती रे.”

“माहितीये. काढ.”

इस्त्रीवाल्याने पोरीला पुन्हा फोन लावला आणि हात लांब करून समोर धरला. ती दिसली. कोट नव्हता. ओलाचिंब मळका एप्रन, मागे चादरींचे डोंगर. डावा हात पाठीमागे. “बाबा, नको! काका, थांबवा ना!” ती ओरडली.

सलूनवाल्याने वस्तरा चालवला. अर्धी मिशी खाली पडली आणि तो थांबला. गर्दीत कुणीतरी हसलं.

“थांबू नकोस,” इस्त्रीवाला म्हणाला.

उरलेली अर्धीही गेली. उघडं पडलेलं ओठावरचं कातडं पांढरंफटक दिसत होतं. इस्त्रीवाल्याने फोन जवळ घेतला.

“गेली मिशी. सगळ्यांनी बघितलं. आता तुझा हात दाखव, बाळा.”

 मग हात पुढे आला. मनगटापासून पट्टी होती. पट्टीबाहेर दोनच बोटं होती.

गल्लीत शिट्टी वाजायची थांबली.

“बाबा,” पोरीने विचारलं, “आता येऊ मी?”