वहीतले आकडे

दिवसभर गरोदर बायका तपासून सिस्टरबाईंच्या पाठीचा काटा ढिला झाला होता. शेवटी एक सासू सातव्या महिन्यातल्या सुनेला आणि तिच्या रक्तातल्या साखरेच्या नोंदींची वही घेऊन आली. घरच्या मशीनवर पंधरा दिवस आकडा अडीचशेच्या खाली उतरला नव्हता.

"काय गं, चोरून गोड खातेस का?" सिस्टरबाई वैतागल्या.

"नाही हो, अर्धपोटी उठते मी," सून रडवेली झाली.

सिस्टरबाईंनी स्वतः तिचं बोट टोचलं. साखर आली शंभर. पोरीच्या दहाही बोटांवर आधी टोचल्याची एकही खूण नव्हती.

"मग वहीतले आकडे कुणाचे?"

सासू मायेने म्हणाली,



"दोन जिवांची पोर ती, तिला कशाला टोचायचं? जेवतो तर दोघी सारखंच, म्हणून रोज माझंच बोट टोचत होते!"