हवा तेवढाच उजेड

सून प्रणिता काळा गॉगल लावून लॅपटॉपपुढे आली, तशी द्वारकाबाईंनी पैठणीच्या पदराची नक्षी काढणं थांबवलं.

"घरात गॉगल? कुणी फोटो काढायला येणार आहे का?"

"आई, तुमच्या स्क्रीनकडे बघवत नाही. डोळ्यांची आग होते."

"मला तर घेतला त्या दिवशी होता तसाच दिसतो. तुमच्या माहेरची सगळीच माणसं नाजूक!"

तसाच दिसत होता, हे खरं. उजेडाची बटणं आता कुणी दाबत नसे. लॅपटॉप, मोबाइल, घरातले दिवे समोरच्याचे डोळे ओळखत आणि त्याला हवा तेवढाच उजेड देत. द्वारकाबाईंसारख्या बाईलाही त्यात खोड काढायला जागा उरली नव्हती.

पण दुपारी अंगणात येऊन त्या म्हणाल्या, "आभाळ भरून आलंय, रेशीम आत घ्या." बाहेर कडक ऊन होतं. प्रणितानं त्यांना तडक दवाखान्यात नेलं.

"अंधुक दिसायला लागलं तेव्हाच आला असतात, तर डोळे वाचले असते," डॉक्टर म्हणाले.

"अंधुक कधी दिसलंच नाही हो."

घरी येताच त्या लॅपटॉपपुढे बसल्या. "याचं ते आपोआपचं काढून टाक. तुला लागतो तेवढाच उजेड ठेव. माझं किती उरलंय ते मला कळू दे."

प्रणितानं तसं केलं. पदरावरची जांभळी वेल तिला पानन्‌पान स्वच्छ दिसू लागली.

"अगं, उजेड कमी कर म्हटलं," द्वारकाबाई खेकसल्या, "बंद करायला कुणी सांगितलं?"