फक्त निमंत्रितांसाठी

एनार लिंडाल यांनी लाकडाच्या वखारींवर कमावलेल्या पैशातून अमेरिकेतल्या डुलुथ शहरात अन्नछत्र उघडलं. वीस वर्षं ते स्वतःही त्याच पंगतीत जेवले. ते वारल्यावर शोकसभाही तिथेच ठरली. स्वयंपाकीण व्हर्नाने माशांचं सूप उतरवून खिडकीतून पाहिलं, तर रोजचे जेवणारे बर्फात कुडकुडत उभे आणि दाराला आतून कडी. "आज फक्त निमंत्रित," विश्वस्तांचे अध्यक्ष म्हणाले. "त्यांना म्हणावं, उद्या या." "भुकेला उद्या ये म्हणता येतं होय, साहेब?" व्हर्ना कडाडली. "लिंडालसाहेब असते तर त्यांनी तुम्हालाच बाहेर काढलं असतं!" "नोकरी नकोशी झालीय?" तिने एप्रन त्यांच्या हातात कोंबला, कडी काढली आणि सुपाचं जड पातेलं उचललं. दुसऱ्या बाजूने कुणीतरी हात लावला. लिंडालसाहेबांच्या पत्नी होत्या. "चल गं," त्या म्हणाल्या, "भाषणं थंड झाली तरी चालतात, सूप नाही."