दोन टक्के

"माणूस आवाजाला धरून तरतो, हेलिकॉप्टर पोचेस्तोवर वरून बोलत राहा," असं गोडसे सर शिकवायचे. आता शोधविमानं वैमानिकाविना उडायची. समुद्रात पडलेल्यांशी विमानाच्या भोंग्यातून, किनाऱ्यावर बसून बोलायला सुमित्रा तेवढी उरली होती. नऊ तास बोलून तिचा घसा बसला होता.

बुडालेल्या बोटीवरचा, हेलिकॉप्टरने नुकताच उचललेला हरेश तांडेल रेडिओवर म्हणाला, "बाई, माझा धाकटा भाऊ राहिला खाली. फळीला धरून होता."

"तो सापडेस्तोवर विमान परत बोलावत नाही," ती बोलून गेली.

तेल संपत आल्याने हेलिकॉप्टर माघारी फिरलं. विमानाचा हिशेब पडद्यावर उमटला: 'जिवंत असण्याची शक्यता दोन टक्के. परत येऊ?'

"येऊ द्या, ताई. दोन टक्क्यांसाठी अजून किती बोलणार? यंत्र थकत नाही, तुम्ही थकता," पाळी बदलायला आलेला नार्वेकर म्हणाला.

तिने कोमट पाण्याचा घोट घेतला, 'नको' दाबलं आणि विमान प्रवाहाच्या दिशेने वळवून पुन्हा बोलायला लागली.