तिसऱ्या कंपनीचा कागद

पाच वाजायच्या आत कंपनी ठरली नाही, तर सगळं मातीत जाणार होतं. हरणाबाईनं जिन्याखालच्या पानवाल्यालाच विचारून घेतलं, "किती वाजलं रं?"

"सव्वातीन, म्हातारे."

"म्हातारी तुझी आई," म्हणत ती जिना चढली.

काल साताऱ्याचा एजंट झाला, आज सकाळी सांगलीतला एक. गणपती पेठेतल्या माडीवरचा हा तिसरा आणि शेवटचा. मागून सून येत होती, सुलाबाई. पदर पार भुवयांवर ओढलेला. घरात दोन नातवंडं, लहान लहान. त्यांचं पुढचं सगळं आता एका कागदावर येऊन ठेपलं होतं, आणि हरणाबाई शाळेत गेली होती जेमतेम दीड वर्ष. पण आटपाडीच्या माळावर शंभर मेंढरांतलं एक कमी असलं, तर ते तिला न मोजता कळायचं.

"या मावशी, बसा," एजंट उठून उभा राहिला. भाऊसो त्याचं नाव. तेल लावून चापून बसवलेला भांग, खिशाला दोन पेनं. "काय काम काढलं?"

"टरकाच्या इम्याचा भाव बघाय आलोय."

भाऊसोनं खुर्ची पुढं ओढली. पडवीत बोकड बांधणारं गिऱ्हाईक वेगळं आणि पैसेवालं, ट्रकवालं वेगळं. त्यानं फॉर्म काढला.

"कुठली गाडी?"

"बेडफोर्ड. बासष्ट सालची."

"कुठल्या रस्त्यावर असती?"

"कुंडल ते सांगली. गूळ वाहती."

"डायवर कसा हाय?"

"हातानं बरा, पायानं वाईट. एकदा दाबला की सोडत न्हाई."

भाऊसो हसला. "मागं काय अपघात?"

सुलाबाईनं मान आणखी खाली घातली.

"एक झालाय," हरणाबाई म्हणाली. "दोन म्हयने व्हतील."

"लय नुकसान?"

"गाडीला खरचटलं बी न्हाई."

"मग कसली फिकीर! वर्साचं तीनशे चाळीस रुपये."

हरणाबाईनं कनवटीचे दोन कागद काढून टेबलावर आपटले. दोन्हींवर शिक्के. "ह्यो साताऱ्याचा तीनशे दहा म्हणतो, ह्यो हितलाच तीनशे. तू काय सोन्याचा पत्रा मारून देणार हायस का गाडीला?"

भाऊसोनं कागद वाचले. "दोनशे नव्वद. माझं कमिशन सोडतो, मावशी. ह्याच्या खाली सांगलीत कोण यायचं न्हाई."

"भावाचं सोड. घासाघीस केली की कोथमीर बी स्वस्त मिळती. इस्वास कुणाच्या जिवावर ठेवू? कुंडलच्या नाथाजीची गाडी तुझ्या कंपनीत हाय का?"

"का बरं?"

"त्या दोघांच्याकडं न्हाई. म्हणून त्यांचं दार सोडलं. म्होरक्या मेंढा ज्या खिंडीतनं जातो, कळप तिथनंच जातो."

भाऊसोनं पेन खाली ठेवलं. "दुसऱ्याच्या पॉलिशीचं सांगायचं नसतंय, मावशी. कंपनीचा नेम हाय."

"मग नेमच चघळत बस. चल गं सुले."

ती उठली. ताठ मानेनं दारापर्यंत गेली. तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर ठेवला. खाली बाजारात हमालांचा आरडाओरडा चालला होता. तिसरी पायरी. सुलाबाईनं मागून तिचा दंड घट्ट धरला.

"आवं, थांबा! थांबा की!"

हरणाबाई लगेच वळली नाही. चौथी पायरी उतरली आणि मग वळली.

"आमच्याकडंच हाय नाथाजीची गाडी," भाऊसो दारात येऊन म्हणाला. "तीन वर्सं तरी झाली असतील."

"खोटं! नाथाजी सोता सांगत फिरतोय, आपला इमा कवाच बंद पडला म्हणून."

"तो कशाला म्हणंल तसं?" भाऊसोला आता राग आला होता. त्यानं कपाट उघडलं, पुठ्ठ्याची फाईल काढली, नक्कल तिच्यापुढं धरली. "ही बघा! मार्चापातुर चालू हाय."

"मला काय वाचता येतंय? तू वाच की मोठ्यानं."

त्यानं वाचलं. नाव, गाव, पॉलिसीचा नंबर, गाडीचा नंबर, तारीख अमुक ते तारीख तमुक. हरणाबाईचे ओठ गाडीच्या आकड्याबरोबर हलत होते.

"आता हेच लिव," ती म्हणाली. "तुझ्या भावाच्या कागदावर, खाली. सगळं लिव. तोंडी सांगितलं तर गावात कोण इस्वास ठेवायचं न्हाई. लिव आणि शिक्का मार, मग ते दोघं एजंट गेले खड्ड्यात."

ते दोघं खड्ड्यात, हे भाऊसोला आवडलं. त्यानं छापील कागद ओढला आणि वळणदार अक्षरात लिहून काढला. वर दोनशे नव्वदचा भाव, खाली नाथाजीची पॉलिसी, आकड्यानिशी. सही केली. शिक्क्यावर फुंकर मारून तो दाबला.

हरणाबाईनं कागद उचलला आणि सुलाबाईच्या हातात दिला. सुलाबाईनं तो छातीशी धरला.

"आता पावती फाडतो," भाऊसो हात चोळत म्हणाला. "तुमच्या गाडीचा नंबर सांगा."

"निराळा नंबर कुठला, लेकरा? मी सांगितली ती गाडी नाथाजीचीच," हरणाबाई म्हणाली. "तिच्याखाली माझा ल्योक सोपान गेला. आज साठावा दिवस हाय, भरपाईच्या दाव्याची मुदत आजच सरती, आणि वकील पाच वाजंपातुर कोर्टाच्या दारात कंपनीचं नाव मागत उभा हाय."