चुलीवरची वीज

नांदेडला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या अयोध्यानं चुलीच्या धगीवर वीज तयार करणारी चकती बनवली. कॉलेजात बक्षीस मिळालं. पण तिला ती दाखवायची होती मायला, कस्तुराबाईला. मायचा अर्धा जन्म मुदखेडजवळच्या घरात, चुलीपुढच्या धुरात आणि अंधारात गेला होता. सुट्टीत घरी येताच अयोध्यानं चकती चुलीला बसवली, वायर बल्बला जोडली. "माय, आता बघ हं!" म्हणत तिनं बटण दाबलं. भाकरी थापता थापता कस्तुराबाईनं मान वर केली आणि ती तोंडभरून हसली. "लई उजेड पडला की गं!" बल्ब लागलाच नव्हता. वायर सुटली होती. "माय, कधीपासनं दिसत न्हाई तुला?" कस्तुराबाईचं हसू मावळलं. "तुझं शिक्षण होऊ दे म्हणलं आधी." अयोध्यानं वायर जोडली. बल्ब लागला. त्या उजेडात मायची बोटं भाजल्याच्या डागांनी भरलेली दिसली.